मुलाला काय येतं, हे आपण कसं ठरवतो?

१९२० च्या सुमारास जाँ पियाजे हे तरुण स्विस संशोधक पॅरिसमध्ये थिओडोर सिमाँ यांच्याकडे काम करत होते. काम रुक्ष होतं. तर्कशक्ती तपासणाऱ्या इंग्रजी चाचण्या फ्रेंच मुलांकडून सोडवून घ्यायच्या आणि कोणत्या वयाची मुलं किती उत्तरं बरोबर देतात याची कोष्टकं तयार करायची. पियाजे यांचं लक्ष मात्र चुकलेल्या उत्तरांवर खिळलं. एका वयाची मुलं साधारण एकाच तऱ्हेने चुकत होती आणि त्या चुकांमागे मुलांची स्वतःची सुसंगत विचारपद्धती होती. चाचणीने शून्य गुण दिलेली ही उत्तरंच पियाजे यांच्या पुढच्या साठ वर्षांच्या अभ्यासाचं बीज ठरली.

डी.एड., बी.एड. आणि टीईटीच्या पुस्तकांत बालविकासाचे सिद्धान्त ओळीने मांडलेले असतात: वॉटसन, स्किनर, पियाजे, व्हायगॉट्स्की, एरिक्सन, ब्रूनर. प्रत्येकाच्या अवस्था, व्याख्या, गुणदोष पाठ केले की विषय संपतो. या मांडणीत एक महत्त्वाची गोष्ट हरवते. या सगळ्या अभ्यासकांनी मुलाला काही ना काही विचारलं होतं; कुणी प्रयोगशाळेत, कुणी घरी, कुणी अनाथालयात, कुणी बाजारात. विचारायची जागा, साहित्य आणि पद्धत बदलली तसं मुलाच्या क्षमतेचं चित्र बदलत गेलं, आणि बहुतेक वेळा ते आधीपेक्षा मोठं निघालं. या क्षेत्राचा सव्वाशे वर्षांचा इतिहास मला याच बाजूने पाहावासा वाटतो, कारण ‘या मुलाला येत नाही’ हा शेरा आपल्याकडे फार सहज मारला जातो.

मोजमापाची सुरुवात

मूल जन्मतः कोऱ्या पाटीसारखं असतं हा जॉन लॉक यांचा विचार १६९० चा, तर मुलाला त्याच्या निसर्गाप्रमाणे वाढू द्यावं असं सांगणारा रूसोचा ‘एमिल’ १७६२ चा. हे दोघे तत्त्वज्ञ. प्रत्यक्ष मुलाच्या नोंदी ठेवून लिहिण्याची परंपरा पुढच्या शतकात रुजली. चार्ल्स डार्विन यांनी आपल्या थोरल्या मुलाच्या बाळपणी केलेल्या नोंदी १८७७ मध्ये प्रसिद्ध केल्या.

१९०५ मध्ये आल्फ्रेड बिने आणि सिमाँ यांनी पहिली उपयोगी बुद्धिमापन चाचणी तयार केली. फ्रान्समध्ये शिक्षण सक्तीचं झालं होतं आणि वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना वेगळी मदत द्यायची तर ती मुलं ओळखायची कशी, हा सरकारपुढचा प्रश्न होता. बिने यांच्या लेखी चाचणी म्हणजे मदतीची पहिली पायरी होती. बुद्धी ठरावीक असते आणि ती वाढवता येत नाही, या मताला त्यांनी १९०९ च्या पुस्तकात ठाम विरोध केला. १९११ मध्ये बिने गेले. १९१६ मध्ये स्टॅनफर्डच्या लुईस टर्मन यांनी त्यांची चाचणी अमेरिकेत रुजवली, तेव्हा तिचा अर्थ उलटा झाला. मिळालेला आकडा म्हणजे मुलाची जन्मजात, आनुवंशिक कुवत, असं मानलं जाऊ लागलं. एकच साधन एकाच्या हातात मदतीसाठी होतं, दुसऱ्याच्या हातात शिक्का मारण्यासाठी. ही ओढाताण आजही संपलेली नाही.

वर्तनवाद: दिसतं तेवढंच मोजायचं

जॉन वॉटसन यांनी १९१३ मध्ये जाहीर केलं की मानसशास्त्राने मनाच्या गोष्टी सोडून केवळ दिसणाऱ्या वर्तनाचा अभ्यास करावा. १९२० च्या सुमारास रोझाली रेनर यांच्यासह त्यांनी सुमारे नऊ महिन्यांच्या एका बाळावर प्रयोग सुरू केले. पांढरा उंदीर समोर आणला की मागे लोखंडी कांबीवर हातोडा आपटायचा. काही वेळा असं झाल्यावर बाळ नुसत्या उंदरालाही घाबरू लागलं. भीती शिकवता येते हे सिद्ध झालं. ती काढून टाकण्याचं काम मात्र झालंच नाही. आजच्या कोणत्याही नीतिमंडळाने हा प्रयोग होऊ दिला नसता.

बी. एफ. स्किनर यांनी या विचाराला अधिक उपयोगी रूप दिलं. ज्या कृतीनंतर हवासा परिणाम मिळतो ती कृती वाढते, म्हणून शिकण्याचा मजकूर लहान पायऱ्यांत मांडावा आणि प्रत्येक पायरीवर लगेच प्रतिसाद द्यावा, हा त्यांचा आग्रह होता. विकासात्मक अडचणी असलेल्या मुलांना दैनंदिन कौशल्यं शिकवताना हे तत्त्व आजही कामी येतं. पण १९५७ मध्ये त्यांनी भाषासुद्धा याच पद्धतीने शिकली जाते असं मांडलं आणि तिथे सिद्धान्त अडखळला. नोम चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये दाखवलं की मुलं कधीही न ऐकलेली वाक्यं तयार करतात. कौतुक आणि अनुकरण यांनी त्याचा उलगडा होत नाही.

१९६१ मध्ये आल्बर्ट बँड्युरा यांनी आणखी एक तडा दिला. स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या ७२ मुलांपैकी काहींनी मोठ्या माणसाला हवेच्या बाहुलीला बदडताना पाहिलं आणि संधी मिळताच तसंच केलं. त्यांना कोणी बक्षीस दिलं नव्हतं. मूल पाहूनही शिकतं, हे इथे दिसलं. वर्तनवादाचा प्रश्न ‘बाहेरून काय दिलं तर काय बाहेर येतं’ एवढाच होता, त्यामुळे मधल्या मनाचा पत्ता त्याला लागणं शक्यच नव्हतं.

पियाजे: मूल स्वतः अर्थ लावतं

पियाजे यांनी मुलांशी गप्पा मारत, वस्तू हाताळायला देत, उत्तरामागून पुढचा प्रश्न विचारत अभ्यास केला. आपल्या तिन्ही मुलांच्या बाळपणाच्या बारीक नोंदी त्यांनी ठेवल्या. त्यातून उभा राहिलेला विचार असा: मूल अनुभव नुसता साठवत नाही, आधीच्या समजुतीत बसवून पाहतं. बसला नाही तर समजूत बदलतं. आपल्या पाठ्यपुस्तकांत यालाच सात्मीकरण आणि समायोजन म्हटलं आहे. ही घडण चार टप्प्यांतून जाते: दोन वर्षांपर्यंत इंद्रियं आणि हालचालींतून, सात वर्षांपर्यंत प्रतिमा आणि भाषेतून, अकरा-बारापर्यंत प्रत्यक्ष वस्तूंविषयीच्या तर्कातून, आणि पुढे अमूर्त तर्कातून.

त्यांचा एक गाजलेला प्रयोग संख्येबद्दलचा आहे. मुलासमोर सारख्या संख्येच्या वस्तूंच्या दोन ओळी मांडायच्या. दोन्हीत सारख्या आहेत ना, असं विचारायचं. मग एक ओळ लांब पसरवायची आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. चार-पाच वर्षांची बहुतेक मुलं लांब ओळीत जास्त आहेत असं सांगतात. पियाजे यांच्या मते संख्येची अढळता या वयात उमगलेलीच नसते.

प्रश्न बदलला, उत्तर बदललं

१९७४ मध्ये स्कॉटलंडमध्ये जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी हाच प्रयोग थोडा बदलून केला. या वेळी ओळ पसरवली ती मोठ्या माणसाने नाही. एक खोडकर टेडी अस्वल खोक्यातून बाहेर येऊन खेळ विस्कटून टाकायचं. नेहमीच्या पद्धतीत सुमारे १६ टक्के मुलांनी बरोबर उत्तर दिलं होतं. अस्वलाच्या पद्धतीत हे प्रमाण ६२ टक्क्यांच्या आसपास गेलं. मुलं तीच आणि गणित तेच होतं. डोनाल्डसन यांचा खुलासा साधा आहे. मोठं माणूस मुद्दाम काहीतरी बदलतं आणि तोच प्रश्न परत विचारतं, तेव्हा आता वेगळं उत्तर अपेक्षित असणार असा अंदाज मूल बांधतं. ते प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू वाचत असतं. आपल्या वर्गात शिक्षकाने ‘पुन्हा सांग बरं’ म्हटलं की बरोबर उत्तर दिलेलं मूलही उत्तर बदलतं, त्याचं मूळ इथेच आहे.

बोलू न शकणाऱ्या बाळांना विचारण्याची रीत सापडली आणि चित्र आणखी पालटलं. बाळ अनपेक्षित गोष्टीकडे जास्त वेळ पाहतं, या साध्या निरीक्षणावर रेने बायर्जों, एलिझाबेथ स्पेल्की आणि स्टॅनली वासरमन यांनी १९८५ मध्ये प्रयोग केला. पडद्याआड लपलेल्या खोक्यातून पडदा आरपार गेल्याचं अशक्य दृश्य पाच महिन्यांची बाळं अधिक वेळ पाहत राहिली. दृष्टीआड गेलेली वस्तू असतेच, ही जाण पियाजे यांनी बऱ्याच उशिराच्या वयाला ठेवली होती. त्यांनी ती बाळाच्या हातांच्या शोधावरून तपासली होती. डोळ्यांना विचारल्यावर उत्तर लवकर मिळालं. त्या नजरेचा नेमका अर्थ किती घ्यावा यावर वाद आहेत, पण बाळाचं मन रिकामं असतं ही कल्पना आता टिकत नाही.

भाषेच्या बाबतीत जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा १९८४ चा अभ्यास मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटेल. त्यांनी कॅनडातल्या इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ ऐकवले. इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांना हा भेद सहसा ऐकू येत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांनी तो ओळखला. वर्षाच्या उंबरठ्यावर आलेल्यांपैकी मात्र थोड्यांनीच. घरात जे ध्वनी ऐकू येतात त्यांच्याकडे कान वळतो आणि बाकीच्यांचा भेद पुसट होतो. पॅट्रिशिया कुल यांनी २००३ मध्ये यात भर घातली. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांनी समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून चिनी भाषेचे ध्वनी शिकून घेतले, पण तेच पडद्यावर दाखवल्यावर शिकली नाहीत. बाळाच्या हाती मोबाइल देणाऱ्या प्रत्येक घराने हा निष्कर्ष लक्षात ठेवावा.

व्हायगॉट्स्की: मदतीसह काय येतं?

लेव्ह व्हायगॉट्स्की पियाजे यांच्याच वर्षी, १८९६ मध्ये जन्मले आणि १९३४ मध्ये क्षयाने गेले. ‘विचार आणि भाषा’ हे त्यांचं पुस्तक त्याच वर्षी आलं. दोन वर्षांत सोव्हिएत सत्तेने त्यांच्या कामावर पडदा टाकला आणि इंग्रजी वाचकांपर्यंत ते पुस्तक १९६२ मध्ये पोचलं. त्यांनी मोजमापाचा पायाच बदलला. मूल एकट्याने काय करतं हा त्याचा कालचा विकास. जाणत्या माणसाच्या मदतीने काय करू शकतं, तो उद्याचा. या दोहोंमधला पट्टा म्हणजे शिकण्याची खरी जागा. दोन मुलांनी एकट्याने सारखीच गणितं सोडवली असली, तरी थोडा इशारा मिळताच एक फार पुढे जाऊ शकतं. परीक्षेला हा फरक दिसत नाही.

१९७६ मध्ये डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायला शिकवताना मदत कशी द्यायची असते ते टिपलं. काम मुलाच्या आवाक्यात आणायचं, लक्ष टिकवायचं, महत्त्वाचं दाखवायचं आणि जमू लागताच हात काढून घ्यायचा. इमारत उभी राहीपर्यंत परांची असते आणि मग ती उतरवतात, तशी ही मदत. ती काढून घेण्याचं भान शिकवणाऱ्याला असावं लागतं.

याच परंपरेत एक धडाही आहे. १९३१-३२ मध्ये व्हायगॉट्स्की यांचे सहकारी अलेक्झांडर लुरिया यांनी उझबेकिस्तानातल्या शेतकऱ्यांना तर्काची कोडी घातली. न पाहिलेल्या प्रदेशातल्या अस्वलांविषयी अनेकांनी उत्तर द्यायला नकार दिला: जे पाहिलं नाही त्याबद्दल कसं सांगणार? लुरियांना यात अमूर्त विचाराचा अभाव दिसला. पुढे मायकेल कोल आणि सिल्व्हिया स्क्रिबनर यांच्या लायबेरियातल्या कामातून लक्षात आलं की अशी कोडी सोडवणं ही बरीचशी शाळेत लागणारी सवय आहे. ती सवय नसणं म्हणजे बुद्धी नसणं नव्हे.

जिव्हाळा आणि भोवताल

मूल शिकायला मोकळं होतं ते कोणाच्या तरी भरवशावर. दुसऱ्या महायुद्धानंतर जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी बेघर मुलांविषयी अहवाल लिहिला. १९५१ च्या त्या अहवालात त्यांनी मांडलं की स्थिर, प्रेमळ नात्याशिवाय मुलाची वाढ खुंटते. मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडातल्या गावांत आणि मग बाल्टिमोरमध्ये माता-बालकांचं निरीक्षण केलं. अनोळखी खोलीत आई थोडा वेळ बाहेर गेल्यावर आणि परतल्यावर मूल कसं वागतं, यावरून नात्याची सुरक्षितता पारखण्याची पद्धत त्यांनी घडवली. ही पद्धत जगभर वापरली गेली, पण आईपासून क्वचितच दूर होणाऱ्या जपानी बाळांना ती अती ताण देणारी ठरली. एकत्र कुटुंबात आजी, आत्या, काकूंच्या कडेवर वाढणाऱ्या आपल्या मुलांना एका जोडीच्या चौकटीत बसवतानाही अशीच सावधगिरी हवी. सुधीर कक्कर यांनी १९७८ मध्ये ‘द इनर वर्ल्ड’ या पुस्तकात भारतीय बाळपणाचा असाच स्वतंत्र विचार केला.

मूळ मुद्दा मात्र रोमानियाने निर्विवाद केला. बुखारेस्टमध्ये २००० नंतर संस्थांमधल्या १३६ बालकांचा अभ्यास सुरू झाला. चिठ्ठी पद्धतीने निम्मी मुलं प्रशिक्षित पालक-कुटुंबांत पाठवली गेली. २००७ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार कुटुंबात गेलेल्यांची बौद्धिक वाढ संस्थेतल्यांपेक्षा चांगली होती आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. युरी ब्रॉन्फेनब्रेनर यांनी १९७९ मध्ये हे भान आणखी रुंद केलं: मूल घरात, घर वस्तीत, वस्ती धोरणांत वाढते. बापाची पाळी, आईची मजुरी, पाण्याची रांग हीसुद्धा बालविकासाचीच प्रकरणं आहेत.

बाजारातलं गणित, फळ्यावरचं गणित

१९८५ मध्ये ब्राझीलच्या रेसिफे शहरात तेरेझिन्हा काराहेर आणि सहकाऱ्यांनी रस्त्यावर नारळ, फळं विकणाऱ्या मुलांकडून गिऱ्हाईक म्हणून खरेदी केली. मुलांनी हिशेब ९८ टक्के वेळा बरोबर केले. तीच गणितं कागदावर मांडून दिल्यावर हे प्रमाण ३७ टक्क्यांवर घसरलं.

२०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो, स्पेल्की आणि सहकाऱ्यांनी आपल्याच देशातलं चित्र दाखवलं. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी १,४३६ मुलं मनातल्या मनात गुंतागुंतीचे हिशेब करत होती, पण पुस्तकी मांडणीतली साधी वजाबाकी-भागाकार त्यांना अवघड जात होते. जवळच्या शाळांतल्या मुलांचं उलट होतं. कागदावरची सोपी उदाहरणं त्यांना बरी जमत. पण बाजारातला जो हिशेब काम करणाऱ्या मुलांपैकी एक तृतीयांशाहून अधिकांना जमला, तो शाळेतल्या फक्त एक टक्का मुलांना आला. दोन्हीकडे बुद्धी आहे. दोन्हींमध्ये पूल बांधणारं कोणी नाही. या अभ्यासाने काम करणाऱ्या मुलांना आणि शाळेलाही एकाच मापात उभं केलं, म्हणून मला तो अलीकडच्या संशोधनात फार मोलाचा वाटतो.

कोसबाडची टेकडी

जे प्रयोगशाळांनी नंतर दाखवलं, ते बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी आपल्या कामात आधीच ओळखलं होतं. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. त्यांचा विचार गिजुभाई बधेका यांनी भावनगरला आणला. ताराबाई तिथे त्यांच्यासोबत होत्या. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ उभारला. पण माँटेसरींचं साहित्य महाग होतं आणि आपल्याकडे त्या शाळांत येणारी मुलं सुखवस्तू घरांतली होती. १९४५ मध्ये ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ बोर्डीला आल्या, पुढे कोसबाडला. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा मुलांत दोष न शोधता बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा झाली. बिया, खडे, शंख-शिंपले हे साहित्य झालं. १९७५ मध्ये देशभर एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना मिळालेलं अंगणवाडी हे नाव याच कामातून आलेलं होतं.

स्वतः शोधणं की नीट शिकवणं?

मुलं सक्षम असतात म्हणून त्यांना सोडून द्यावं, असा निष्कर्ष काही जण काढतात. तो चुकीचा आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर महाराष्ट्रात ज्ञानरचनावादाचा, म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतः घडवतं या विचाराचा, जोर वाढला. अनेक शाळांत त्यातून जिवंत वर्ग उभे राहिले, पण काही ठिकाणी तो फरशीवरच्या रंगीत आकृत्यांपुरता उरला. जॉन स्वेलर यांच्या कामातून स्पष्ट झालं की नवशिक्याच्या मनात एका वेळी फार थोडं मावतं, म्हणून नवी गोष्ट टप्प्याटप्प्याने, सोडवलेल्या उदाहरणांसह दाखवावी लागते. भाषा ऐकून येते, पण वाचन शिकवावंच लागतं. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड कोणतंही मूल आपोआप पूर्ण शोधून काढत नाही. अंतराने केलेली उजळणी आणि न पाहता आठवून सांगण्याचा सराव यांचा फायदा वारंवार सिद्ध झाला आहे. उलट, प्रत्येक मुलाची ‘दृश्य’ किंवा ‘श्राव्य’ शैली ओळखून तसं शिकवावं, या लोकप्रिय मताला २००८ च्या आढाव्यात पुरेसा आधार सापडला नाही.

मूल अर्थ लावणारं असतं आणि त्याला शिकवणाऱ्याची गरज असते, ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या कामाचा गाभाही हाच: मूल आज कुठे आहे ते एका छोट्या तोंडी चाचणीने पाहायचं, इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट करायचे आणि तिथून शिकवायचं. ही चाचणी बिने यांच्या मूळ हेतूच्या जवळ जाते. तिचं उत्तर शेरा म्हणून प्रगतिपुस्तकात न जाता दुसऱ्या दिवशीच्या पाठात जातं. २०२४ च्या ‘असर’ अहवालानुसार ग्रामीण भारतात तिसरीतल्या सुमारे २७ टक्के मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता येतो. उरलेली मुलं मंद आहेत असं मानायला या साऱ्या संशोधनात जागा नाही. त्यांना विचारलेला प्रश्न, दिलेली मदत आणि शिकवण्याची पातळी यांत चूक आहे, असं मानायला भरपूर जागा आहे.

यातून शिक्षक, अंगणवाडी ताई आणि पालकांसाठी तीन गोष्टी निघतात. मूल चुकलं की आधी ‘तुला असं का वाटलं?’ हे विचारावं. एका पद्धतीने येत नसेल तर निकाल देण्याआधी वस्तू, गोष्ट किंवा घरची भाषा वापरून पुन्हा विचारावं. आणि एकट्याने न जमलेलं थोड्या मदतीने जमतं का ते पाहून मगच पुढचा पाठ आखावा. यासाठी महागडं साहित्य लागत नाही. वेळ, लहान गट आणि शिकवणाऱ्यावर कागदकामाचा कमी बोजा लागतो. हे सगळं देणं ही शासनाची आणि समाजाची जबाबदारी आहे. मुलांची क्षमता सिद्ध करण्याचं काम संशोधकांनी पुरेसं केलं आहे; ती क्षमता दिसेल असे वर्ग आणि अंगणवाड्या उभारणं आता आपल्याकडे आहे.